कोनच्या खाडीवर काढलेल्या बेड्या

नोकरीत पुष्कळ गुन्हे तपासले, पण कोन गावाजवळच्या खाडीवरची थंडीतली एक सकाळ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

ऐंशीच्या दशकात मी भिवंडीत फौजदार होतो. निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यातून लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, विजेच्या मोटारी चोरीला गेल्या. अडवणाऱ्या रखवालदाराला चोराने ढकललं, त्यात त्याचा हात मोडला. आमच्या खबऱ्याने कानावर घातलं, "साब, पुढे नाकाबंदी दिसली म्हणून माल कोनच्या खाडीत टाकलाय." नावही दिलं. खाडीकाठच्या गावचा तरुण, पूर्वी खाडीत बुड्या मारून रेती काढायचा.

त्याला अटक केली. कोठडीत कितीही उलटसुलट विचारलं तरी उत्तर एकच, "मला न्हाय ठाव, साहेब." कोठडीची मुदत संपत आली होती. मुद्देमाल सापडला नाही तर आपण सुटणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

शेवटी बुडी मारून रेती काढणारा एक डुबीवाला बोलावला, पंच घेतले आणि आरोपीलाही काठावर नेलं. माल लपवलेल्या जागेवर आणलं की चोराची नजर कुठेतरी अडखळते. याची अडखळली नाही.

उत्तरेचा वारा सुटला होता. पाण्यात हात घातला तर बोटं बधिर होत. भरतीची ओढ लागायच्या आत शोध उरकायचा होता. डुबीवाला कमरेला दोर बांधून उतरायचा, वर येऊन शेकोटीजवळ बसायचा, पुन्हा उतरायचा. त्याचे दात वाजू लागले तेव्हा मी म्हटलं, "बस झालं, दादा."

"आणखी एक डाव बघतो, साहेब," म्हणत तो जुन्या धक्क्याकडे सरकला आणि खाली गेला.

आरोपी एकदम ताठ झाला. "तिकडं नको! दोर ओढा, साहेब!"

शिपायांनी ओढला. दोर येईना.

"खाली मासेवाल्यांचं फाटकं जालं हाय. मोटारी तिथंच टाकल्यात मी. त्यो अडकला. बेड्या काढा!"

तो पळाला असता तर माझी नोकरी गेली असती. मी बेड्या काढल्या. शेकोटीची लाकडं तोडायला आणलेला कोयता उचलून त्याने उडी मारली.

आम्ही नुसते पाण्याकडे बघत राहिलो. मग दोर सैल झाला आणि दोघे वर आले. डुबीवाला काळानिळा पडला होता. ओले कपडे काढून त्याला घोंगडीत गुंडाळलं. बऱ्याच वेळाने तो बोलला. तोवर आरोपी कुडकुडत माझ्यासमोर हात पुढे करून उभा होता.

मी विचारलं, "गप्प बसला असतास तर सुटला असतास. का बोललास?"

"थंड पान्यात पाय अडकला की जीव कसा जातो, त्ये बघितलंय मी. रेती काढताना माझा जोडीदार तसाच गेला."

पुढच्या ओहोटीला त्याने दाखवलेल्या जागी मोटारी मिळाल्या, पंचनामा झाला. साक्षीत मी घडलं ते सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी शिक्षा दिली, पण कमी दिली. खटला चालू असताना डुबीवाला प्रत्येक तारखेला त्याच्यासाठी डबा घेऊन कोर्टात यायचा.

चौकशीत मी त्याला भीती दाखवली होती, आमिषही दाखवलं होतं. तो बधला नाही. बोलला तो परक्याचा जीव जाताना पाहून. गुन्हा केला म्हणजे माणसातलं सगळं चांगलं संपलं, असं त्यानंतर मी कधी मानलं नाही. त्या सकाळी काठावर आम्ही इतके वर्दीवाले उभे होतो. अडकलेल्यासाठी पाण्यात उतरला तो एकटा.