पैनगंगा चार किलोमीटरवर राहिली

मित्रहो, रविवारच्या सायकल फेरीचा रस्ता पाहायला आज मावल्याहून भीमपूरकडे गेलो. जंगलातून पैनगंगेचा काठ चारच किलोमीटर राहिला होता. पाय पार भरून आले होते.

समोरून शेतातल्या बायका परत येत होत्या. त्यांतली एक मावशी म्हणाली, "काऊन एकटे जाऊन राह्यले भाऊ? सकाळीच वाघ दिसला तिकडं."

"एवढं लांब आलो, नदी तरी पाहतो."

"नदी पळून चालली काय? आमी बी वेचणी सोडून घरी चाललो."

मी सायकल वळवली. मावशीचं कापसाचं गाठोडं कॅरिअरवर बांधून गावापर्यंत त्यांच्यासोबत चालत आलो.

रविवारची फेरी रद्द केली आहे. मला ते जमलं. त्या बायका मात्र उद्या पुन्हा त्याच शेतात जातील. आपल्याला काही करता येईल का?