घाईची सही

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला, परदेशात, पापाकुरा नावाच्या उपनगरात आम्ही चौथं भाड्याचं घर घेतलं. तोवर मला सामान लावायचाही कंटाळा आला होता. मी फार्मसिस्ट, नवरा नर्स. बँकेनं कर्ज हसत दिलं असतं. पण व्याज द्यायचं नाही, हे आम्ही लग्नाआधीच ठरवलेलं. त्यात रत्नागिरीहून माझे अब्बा येऊन राहिलेले, आणि या घराचा जिना काही त्यांच्या गुडघ्यांना झेपेना.

ओळखीच्या मुसलमान कुटुंबांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. नंबर लागला की मंडळ आधी स्वतः घर विकत घ्यायचं आणि मग ठरलेला नफा धरून आपल्याला हप्त्यांनी विकायचं. पाच वर्षं थांबल्यावर आमचा नंबर लागला.

त्याच शहरात, ओटाहुहूत एक बैठं घर सापडलं. अब्बांनी खोल्या बघितल्याच नाहीत, दारात उन्हाला बसून राहिले. घर बघायला आणखी एक कुटुंब आलं होतं. घर जाईल हातचं, म्हणून मी तिथल्या तिथे करारावर सही ठोकली. माझ्या नावानं.

मंडळाचे व्यवहार बघणाऱ्या चाचांनी कागद उलटून पाहिले. मग म्हणाले, "बेटी, तू घेतलेलं घर आम्ही तुलाच कसं विकणार? नुसते पैसे देऊन वर नफा घेतला, तर ते व्याजच झालं."

हे सगळं मला पाठ होतं, तरी घाई नडली. मालक मंडळाच्या नावाच्या नव्या करारासाठी थांबला नाही, घर त्या दुसऱ्या कुटुंबाला गेलं. नियमाप्रमाणे आमचा नंबरही गेला. "निकाहनाम्यावरही अशीच न वाचता सही केली होतीस," नवरा म्हणाला. हसू कुणालाच आलं नाही.

पुढच्याच महिन्यात आमच्या घरमालकानं घर विकायला काढलं. त्या संध्याकाळी मी कामावरून आले, तर अब्बा बॅग भरत बसलेले.

"माझं तिकीट काढ बेटा. मी गेलो की तुम्हाला बँकेत जाता येईल. माझ्यामुळे अडलायत तुम्ही."

बँकेच्या व्याजाबद्दल अब्बांनी कधी एक शब्द काढला नव्हता. व्याज मलाच नको होतं, त्यांच्यामुळे नाही. तेवढं एक वाक्य त्यांना सांगायचं होतं. पण त्यांना धरून पुन्हा घरं बघत हिंडायचं, या विचारानंच मी गळून गेले होते.

"बरं, अब्बा," मी म्हटलं.