मुंबईची कोरी जागा

लालबागच्या ज्या खानावळीत मी जेवायचो, ती चालवणाऱ्या बाईंचं नाव मला कधी कळलंच नाही. सगळे त्यांना मावशी म्हणत. दुपारची पंगत उठली की त्या एक जाड वही उघडून बसत. विड्यांच्या पुड्यांचे, उदबत्तीच्या वेष्टनांचे, सभेच्या पत्रकांचे रंगीत तुकडे नखाने फाडायचे, मागे भाताचं शीत चिरडायचं आणि अंगठ्याने दाबायचं. कात्री नाही, खळ नाही.

एका पानावर महाराष्ट्राचा नकाशा होता. कोकण निळं, विदर्भ नारिंगी. मुंबईची जागा तेवढी कोरी.

"मावशी, मुंबई राहिली की!"

"गावली खंय अजून? गावली काय लावतंय."

त्या दिवसांत पंगतीतली माणसं मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून मोर्च्याला जायची. शेवटचा माणूस परत येईपर्यंत मावशी भाताचं झाकण काढत नसत.

मुंबईसह राज्य झालं त्या दुपारी मी मुद्दाम गेलो. मुंबईला कुठला रंग मिळाला, ते मला बघायचं होतं. त्या जागी भाताचं एक अख्खं शीत होतं.

"कागद संपले काय, मावशी?"

"बाकीचा सगळा शितांनीच चिकटलेला आसा," त्या म्हणाल्या. "म्हणान हयसर शीतच लावलंय."