गाऱ्हाण्यातलं नाव

आवडाबाईंच्या अंगणात दोन शिमगे पालखी आली नाही. पहिल्या वर्षी लेक बेपत्ता होती म्हणून, दुसऱ्या वर्षी लेक परत आली होती म्हणून.

रुचिराला चिमानं नेलं. चिमा शेजारच्या वाडीतली, मुंबईला राहून आलेली. गोव्याला हॉटेलात काम आहे म्हणाली, आणि आवडाबाईंनी स्वतः लेकीला खेडच्या स्टँडवर एसटीत बसवून दिलं. जिथं नेलं तिथं पोरीला दुसरंच नाव दिलं. पोलिसांनी सोडवून आणल्यावरही कितीतरी दिवस घरात हाक मारली की ती मान वर करत नसे.

मग रत्नागिरीचं कोर्ट. बंद दाराआड, पडद्यामागून तिनं साक्ष दिली. तिथल्या कागदांत ती 'पीडिता' होती. चिमाला शिक्षा झाली. भरपाई बँकेत जमा झाली, पण रुचिरानं पासबुक हातात घेतलं नाही. वकीलबाई भल्या होत्या. त्यांनी समजावलं होतं, "हिचं नाव कुणी छापायचं नाही. हिला स्वतःला सांगावंसं वाटलं, तर ती हिची मर्जी."

यंदा आवडाबाई गावकर भिवाकडे गेल्या. पालखीपुढं गाऱ्हाणं तोच घालायचा. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, त्याचं नाव तो घेई, आणि जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणे. तसं म्हटलं की तो माणूस गावाचा.

"पालखी येल गो तुझ्याकडं," भिवा म्हणाला. "पन नाव नको. कायदा हाय. उद्या माज्यावर केस झाली तं?"

"कायदा छापणाऱ्याला हाय, भिवाभाऊ. तुमी काय छापखाना हाव?"

"देवाला सगला म्हायती असताय, आवडे."

"देवाला असंल. गावाला ऐकू जाऊ दे."

भिवानं पानाचा डबा उघडला आणि मान खाली घातली.

पालखी आली. ढोल थांबला. आवडाबाईंनी ओटी भरली, नारळ ठेवला. भिवानं डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्या घरातली एक लेक वाट चुकली व्हती..."

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"ती तुज्या पायाशी परत आली..."

"व्हय म्हाराजा!"

"तिची राखण कर..."

"व्हय म्हाराजा!"

दारात उभी असलेली रुचिरा पायरी उतरून पुढं आली. पालखीच्या दांड्याजवळ थांबली. "वाट नाय चुकले," ती म्हणाली. "मला नेलान. माजा नाव रुचिरा. रुचिराची राखण कर, देवा."

भोई पायाखालची जमीन पाहू लागले. ढोलवाल्यानं टिपरू दुसऱ्या हातात घेतलं. बायकांनी पदर सारखे केले.

"व्हय म्हाराजा," आवडाबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा म्हटलं. मग थांबून वाट पाहिली.

भिवानं हात वर केला. ढोल वाजला आणि पालखी पुढच्या घराकडे वळली. जाणारे आपापला खोबऱ्याचा तुकडा घेऊन गेले. आवडाबाई प्रत्येकाच्या तळहातावर तो ठेवत होत्या आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होत्या.