दुधरामने नापास केलेला पिवळा हिरा

गुरुवार, १६ जानेवारी २०२५. दवनीवाडा. सकाळी धुकं, दहानंतर ऊन. अकरा वाजता शेजारचे दुधराम, धुरपताबाई, त्यांची मुलगी रेणू आणि होणारा जावई भूपेंद्र आले. सोबत एक पिवळा हिरा व त्याचं प्रमाणपत्र. दुपारी एक दात तुटला.

रोजनिशीपुरतं एवढं बस. पण दुधराम चार ओळींत मावणारा माणूस नाही.

एकतीस वर्षं तो धान खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. शेतकरी पोत्याच्या तोंडाचा धान दाखवू लागला की हा तिकडे बघायचाच नाही. परखी, म्हणजे ती टोकदार पोकळ सळई, मनाला येईल तिथे खुपसायची, बुडातला धान बाहेर काढायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि ओलावा सांगायचा. त्यानंतर यंत्र. यंत्राचा आकडा वेगळा आला तर यंत्र दुरुस्तीला जायचं. स्वतःच्या लग्नात त्याने अक्षता परत पाठवल्या होत्या, तुकडा जास्त आहे म्हणून. मुहूर्त टळला. धुरपताबाई अजून सांगतात, "मले पाह्यले आले तवा तोंड नाई पाह्यलं माझं. भात चावून पाह्यला."

अशा घरात भूपेंद्र हिऱ्याची अंगठी घेऊन आला. तो बिरसीला विमान उडवायला शिकवणाऱ्या शाळेत कारकून आहे. रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. अंगठी पास झाल्याशिवाय साक्षगंध नाही, असं दुधरामने कालच जाहीर केलं होतं, आणि रेणूचे डोळे रडून सुजले होते. प्रमाणपत्र इंग्रजीत, मी कॉन्व्हेंटची, म्हणून ही मंडळी माझ्या ओसरीवर.

"वहिनी, वाचा," दुधराम म्हणाला. "पण पयले सांगा, नमुना कोनं काढला?"

"कायचा नमुना, बाबूजी?" भूपेंद्र गोंधळला. "इंटरनॅशनल लॅब आहे. होलोग्राम आहे."

"हिरा लॅबमंदी कोन घेऊन गेला? तू?"

"दुकानदारच पाठवते ना."

"म्हणजे ज्याचा धान, त्याचीच परखी."

"तसं नाई, बाबूजी. आमच्याकडे कागद बरोबर असला तरच विमान उडते."

"कागदावर बसून उडते का गा?"

मी चष्मा लावला. आमच्या सिस्टर म्हणत, कुठलाही कागद सर्वांत बारीक अक्षरापासून वाचावा. वर वजन होतं, रंगाचा दर्जा होता, 'गडद पिवळा'. पण तो रंग जमिनीतून आला की कारखान्यात चढवला, ती ओळच नव्हती. रंगीत हिऱ्याच्या कागदात खरी ओळ तीच. आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: माहिती विक्रेत्याने पुरवल्याप्रमाणे.

मी हे मराठीत सांगितलं. दुधरामने मान हलवली. "धान पाह्यलाच नाई त्यानं."

मग त्याने दुकानाचं बिल मागितलं आणि पोत्याची चिठ्ठी पावतीशी ताडून पाहावी तसे दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. त्याला इंग्रजी येत नाही, आकडे येतात. लॅबचा फोन नंबर आणि दुकानाचा फोन नंबर एकच होता.

मी तो नंबर लावला आणि फोन सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. एका माणसाने दुकानाचं नाव सांगितलं. मी म्हटलं, मला प्रयोगशाळेशी बोलायचं आहे.

"एक मिनट, मॅडम."

मिनिटभराने तोच माणूस जरा जाड आवाजात म्हणाला, "जी, लॅब."

मी प्रमाणपत्राचा क्रमांक वाचला आणि विचारलं, "हिऱ्याचा रंग नैसर्गिक आहे का?"

"आपको कौन सा चाहिए, मॅडम?"

मी फोन ठेवला. भूपेंद्र कानापर्यंत लाल झाला होता. दुधराम अंगठी घेऊन उजेडात गेला, तिला फिरवून पाहिलं आणि एकतीस वर्षांच्या सवयीने दाढेखाली धरली. कट्‌ आवाज आला. त्याने तळहातावर दाताचा तुकडा काढला.

भूपेंद्रला जरा आशा वाटली. "बाबूजी, दात तुटला म्हणजे हिरा पक्का."

"रस्त्याच्या गिट्टीनंही तुटते."

"लहान लेकरू आहे का तुमी, तोंडात घालाले?" धुरपताबाई म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

तेव्हा रेणू बोलली. "बाबा, माझं साक्षगंध अंगठीसंगं नाई, याच्यासंगं होऊन राह्यलं. यालेही नापास करता का?"

दुधरामने चूळ भरली. त्याच्या आयुष्यात कोणी त्याला उलट विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

"धान नापास करतो मी," तो म्हणाला. "शेतकऱ्याले कदी केला का? वापस ने, वाळवून आण, एवढंच म्हणतो." मग भूपेंद्रकडे वळला. "तू वरचा थर पाहून पोतं घेतलं, बाबू. पण खोटं नाई बोलला, फसला. उद्या अंगठी वापस कर. रविवारी ये."

"रिकाम्या हातानं येऊ?"

"तुझ्या आईले संगं आण. बाकी काई नको आणू. मले तपासा लागते."

रेणू ओसरीच्या खांबाला टेकून हसायला लागली. भूपेंद्रला हसावं की नाही ते कळेना. तो प्रमाणपत्राची घडी घालत राहिला.

संध्याकाळी लिहिलं: भात नेहमीपेक्षा मऊ शिजवला, पाणी दीड वाटी जास्त घातलं. एक डबा दुधरामकडे पाठवला.