गुप्तदान आणि खुराना भाभींचा टीव्ही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई, मध्येच हसलात की माझं सांगायचं राहून जातं. गोष्ट माझ्या पुण्यकर्माची आहे. आणि पुण्य करायला जाऊन मी जितकी तोंडावर आपटले, तितकं कुणी पाप करूनही आपटलं नसेल!

तेव्हा आम्ही दिल्लीत द्वारकेला नवीनच राहायला आलो होतो. सरकारी क्वार्टरमधून एकदम सोसायटीतला स्वतःचा फ्लॅट! मेट्रो अजून यायची होती, बाजार यायचा होता, नळाला पाणीसुद्धा यायचं होतं. आमचं सामान मात्र सगळं आलं होतं. मोठा रंगीत टीव्ही, वॉशिंग मशीन, शोकेसमध्ये नाजूक टी-सेट आणि मखमली सोफा. सोफ्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, त्यामुळे ती मखमल लागते कशी हे आजतागायत कुणालाच कळलेलं नाही.

एका रविवारी चर्चमध्ये आमच्या मराठी मंडळीची उपासना चालली होती. पाळकसाहेब प्रार्थना करत होते आणि मी डोळे मिटून, अगदी हात जोडून विचार करत होते, की सोफा खिडकीकडे सरकवला तर टीव्हीवर उजेड पडेल का? सगळे 'आमेन' म्हणाले आणि मी चरकलेच. देवाच्या दारात बसून फर्निचर हलवतेय मी?

आता माझा स्वभाव नेमाधर्माचा. लेकीची परीक्षा, की माझा चहा बंद. कुणी आजारी, की माझा उपास. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस उपासाचे दिवस तोंडावर आलेच होते. नेम धरला! लेंटमध्ये दर रविवारी घरातली एक जीव जडलेली वस्तू मुलींच्या वसतिगृहाला द्यायची. आणि गुपचूप द्यायची. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, ही लहानपणापासूनची शिकवण. मग समोरच्या खुराना भाभींना कसं कळू द्यायचं?

"सोफासुद्धा?" आमच्या यांनी विचारलं.

"सोफासुद्धा."

"मग मी बसू कुठे?"

"प्रभूच्या चरणी!"

लेंटमध्ये दाढी करायची नाही, एवढा स्वतःपुरता सोपा नेम त्यांनी जाहीर केला आणि साठलेली रजा टाकून बाल्कनीत जाऊन बसले.

मग सुरू झालं माझं गुप्तदान. दुपारी सोसायटी वामकुक्षी घेत असताना टेम्पो बोलवायचा, वस्तू चादरीत गुंडाळायची आणि आवाज न करता खाली न्यायची. टी-सेट गेला, वॉशिंग मशीन गेलं, टीव्ही गेला. सोफा जाताना तर मी जिन्यात उभं राहून टेम्पोवाल्याला ओठांवर बोट ठेवून दाखवत होते.

खुराना भाभी रोज अकरा वाजता माझ्याकडे चहाला यायच्या. पण आता त्यांना बसवायचं कशावर? आणि वस्तू कुठे गेल्या म्हणून विचारलं तर? खोटं बोलायचं नाही, खरं सांगायचं नाही! म्हणून मी दार जेमतेम चेहऱ्याएवढंच उघडायला लागले. "आज ज़रा काम है भाभीजी." रोजच काम.

शेवटी त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं.

"भाभीजी, आपके घर से टीवी की आवाज़ नहीं आती अब?"

"टीवी चला गया जी. अब मन बहुत हल्का है," मी म्हणाले. आणि नेमके माझे डोळे भरून आले, कारण त्या दिवशी माझ्या मालिकेत हरवलेली सून परत यायची होती.

"और भाईसाहब? ठीक हैं?"

"बस, उनके लिए प्रार्थना कीजिए. दिनभर बाल्कनी में बैठके आसमान देखते हैं." टीव्ही नाही म्हटल्यावर माणूस दुसरं बघणार तरी काय?

भाभींनी माझा हात घट्ट दाबला. मला वाटलं, आहाहा! न सांगता पोचतेय माझ्या श्रद्धेची साक्ष!

त्या दिवसापासून काय मान वाढला म्हणता! लिफ्टमध्ये लोक मला आधी जाऊ देत. सोसायटीचे सेक्रेटरी लांबून हात जोडत. दाराशी कधी राजम्याचा डबा, कधी सांबार. मी आरशात पाहिलं, चेहऱ्यावर तेज आलं होतं खरं. (उपासानं गाल बसले होते, ते वेगळं.)

एकदा हे खालून गोंधळलेले आले. "अगं, खुरानाजी मला त्यांच्या टायरच्या दुकानात बसायला बोलावतायत. म्हणाले, काम कोई छोटा नहीं होता!"

"अहो, सात्त्विक माणसाचा सहवास कुणाला नको असतो?"

"मी? सात्त्विक?" त्यांनी दाढी खाजवली.

तरी माझी ट्यूब पेटली नाही हो!

ईस्टरच्या दुपारी बेल वाजली. दार चेहऱ्याएवढं उघडलं, तर बाहेर खुराना भाभी आणि सोसायटीतल्या सगळ्या बायका! भाभींनी खांद्यानंच दार ढकललं. आत काय होतं? उघड्या फरशीवर चटई, चटईवर दाढी वाढलेले आमचे हे, पुढ्यात मुगाच्या खिचडीचं ताट. ईस्टरचं मटण शिजायला अजून वेळ होता.

"हाय रब्बा!" भाभींनी पदर डोळ्यांना लावला. "नौकरी चली गई, घर का सामान बिक गया, और आपने हमें बताया तक नहीं!"

मागोमाग चादरीत गुंडाळलेल्या वस्तू आत यायला लागल्या. टीव्ही, मिक्सर, दोन खुर्च्या, कपबश्या. त्या काळात मोठमोठ्या सरकारी कंपन्यांतली माणसं व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन घरी बसत होती ना, त्यात यांचाही नंबर लागला, असं अख्ख्या सोसायटीनं धरलं होतं. कुणी काय दिलं, विचारलं तर एकही बाई बोलेना. सगळं दुपारच्या वेळी, गुपचूप आणलेलं. गुप्तदान!

माझ्या पायाखालची फरशी सरकली. सांगावं तर नेम मोडतो. न सांगावं, तर या बिचाऱ्यांच्या घरातल्या वस्तू मी सणाच्या दिवशी लबाडीनं ठेवून घेते!

"आई यार, सांग ना आता!" आमची लेक रूथ कुजबुजली.

"भाभीजी, इनकी नौकरी है," मी कशीबशी म्हणाले.

"हाँ जी, हाँ जी, बिल्कुल है," भाभी माझी पाठ थोपटत म्हणाल्या.

यांनी ऑफिसचं ओळखपत्र काढून दाखवलं. ते बघून तर बायका जास्तच कळवळल्या. "बेचारे, अभी तक सँभालके रखा है!"

शेवटी मी सगळं सांगून टाकलं. सोफा, प्रार्थना, वसतिगृह, टेम्पो, सगळं. भाभींनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "चीज़ें देने का व्रत था, समझ गई. पर मेरी चाय किस व्रत में बंद की?"

प्रभूनं वस्तूंवरचा जीव सोड म्हटलं होतं, दार लावून घे असं कुठे म्हटलं होतं? सगळ्यात जीव जडलेली वस्तू तर रोज अकरा वाजता बेल वाजवत होती, आणि मी तिलाच उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं!

मला रडू फुटलं. तेवढ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळ्याच हसत सुटल्या. मटण सगळ्यांनी मिळून खाल्लं, त्याच चटईवर.

आणलेल्या वस्तू मात्र बायका परत नेईनात. "दिया हुआ वापस नहीं लेते जी!" त्यामुळे भाभी रोज संध्याकाळी स्वतःचा टीव्ही बघायला आमच्याकडे येऊ लागल्या. पाठोपाठ बाकीच्या. चटई पुरेना. हे म्हणाले, "पुढच्या लेंटमध्ये फ्लॅट देऊन बघू. कोठी येईल, अख्खा बंगला!"

अशा शेजारणी कुणाला लाभल्यात सांगा? मला तर अभिमान वाटतो. फक्त सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं, की भाभी अजून डोळे मिचकावत माझी ओळख करून देतात, "इनसे मिलिए. बहुत बुरे दिन देखे हैं बेचारी ने, हम सबने मिलके सँभाला!"

आणि मी, द्वारकेची थोर गुप्तदात्री, मान खाली घालून म्हणते, "हाँ जी."