खळीनं चिकटवलेला कागद

घराची कौलं बदलायची होती आणि विकण्यासारखं घरात एकच होतं, डहाणू परिसराच्या इतिहासाचं वडिलांचं जुनं पुस्तक. वडील तलासरीकडच्या आमच्याच पाड्यावर प्राथमिक शिक्षक होते. ते गेल्यावर भाऊ म्हणाला, वाळवीच्या पोटात जाण्यापेक्षा विकून टाक. म्हणून पुस्तक पिशवीत घालून मी मसोलीला, जुनी पुस्तकं घेणाऱ्या एका शेठकडे गेले.

शेठ जाणकार होता, कबूल करते. त्यानं बांधणी दाबून पाहिली, पानांचा वास घेतला, घडीचा नकाशा उलगडून उजेडात धरला. "ताई, नकाशा साबूत आहे. मुंबईचे जुनी पुस्तकं जमवणारे कलेक्टर यालाच पैसे देतात," म्हणाला. मनातल्या मनात आमची कौलं तेव्हाच चढली.

मग ते पान आलं. वर ठळक मथळा, 'डोंगरपट्टीतले लोक'. म्हणजे आम्ही. खालचा परिच्छेद मात्र दिसत नाही, त्यावर वडिलांच्या अक्षरातला कागद चिकटवलेला आहे. मी चौथीत असताना वडील रोज संध्याकाळी आम्हाला हे पुस्तक वाचून दाखवत. किल्ला झाला, चिंचणीचा बाजार झाला, खाडीतली गलबतं झाली. या पानाशी आले आणि थांबले. सकाळी त्यांनी भाताची खळ केली आणि तो परिच्छेद बुजवला. खाली काय छापलंय, ते आम्ही विचारलं नाही. त्यांचा चेहरा पाहून तेवढं कळत होतं.

"अरे रे, हे कोणी केलं?" शेठ हळहळला. "पण फिकर नको. वाफ दिली की कागद निघेल. मग डबल भाव देतो."

"कागद निघणार नाही."

"निघतो ताई, माझं रोजचं काम आहे."

"मी काढू देणार नाही, असं म्हणतेय."

त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पान खिडकीकडे धरून तो खालची अक्षरं लावू लागला. "या लोकांना ना धड शेती कळते, ना..."

माझं डोकंच फिरलं. मी पानावर हात ठेवला. "शेठ, आमच्या घरात हे कुणी मोठ्यानं वाचलेलं नाही. तुम्हीही वाचायचं नाही. वाचायचंच असेल तर वर चिकटवलेल्या कागदावरचं वाचा."

त्यानं वाचलं. 'लेखक आमच्या पाड्यावर कधी आला नाही. आला असता तर जेवल्याशिवाय आम्ही त्याला जाऊ दिलं नसतं.'

कागदाच्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं. पण शेवटी धंद्याचा माणूस. "अक्षर मोत्यासारखं आहे, ताई. पण कलेक्टर म्हणणार, पुस्तक डॅमेज आहे. असंच द्याल तर रद्दीचा भाव."

कौलांचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पुस्तक मी त्याच्या हातातून ओढूनच घेतलं.

"डॅमेज आहेच, शेठ. ते छापखान्यात झालं. माझ्या बापानं दुरुस्त केलंय."